विसाव्या वर्षाची सही



आमचं कुटुंब तिघांचं. मी मूळची सांगलीची, नवरा योकोहामाचा आणि मुलगी जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला. एरवी आम्ही तिघं एका छपराखाली राहतो, एका टेबलावर जेवतो. पण विमानतळावर उतरलो की आमची ताटातूट ठरलेली. टोकियोला बापलेक जपानी नागरिकांच्या रांगेतून झटकन बाहेर पडतात आणि मी परदेशी लोकांच्या रांगेत बोटांचे ठसे द्यायला उभी. सॅन फ्रान्सिस्कोला लेक अमेरिकन नागरिकांच्या रांगेत आणि आम्ही दोघं पाहुण्यांच्या. मुंबईला उतरलो की मात्र माझा तोरा. तिथे मी एकटी भारतीय, ते दोघं परके.

लेक लहान होती तेव्हा तिला याची मोठी गंमत वाटायची. "आई, आज मी कुणाच्या टीममध्ये?" असं ती विमानातच विचारून ठेवायची. २०२५ च्या फेब्रुवारीत ती वीस वर्षांची झाली. त्याआधी तोच प्रश्न जपानच्या कायद्याने तिला विचारला. या वेळी ती गंमत नव्हती. आज मी तुम्हाला त्या प्रश्नाबद्दल सांगणार आहे.

सुरुवात जन्मापासूनच करते. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक होतं. जपान मात्र भूमी पाहत नाही, रक्त पाहतो. आई किंवा वडील जपानी असले की मूल जपानी. पण यात एक मेख आहे. मूल जपानबाहेर जन्मलं आणि जन्मतःच त्याला दुसऱ्या देशाचंही राष्ट्रीयत्व मिळालं, तर तीन महिन्यांच्या आत जपानी वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते, आणि 'जपानी राष्ट्रीयत्व राखून ठेवत आहोत' अशा ओळीखाली सही करावी लागते. ती राहिली, तर मूल जन्मापासूनच जपानी नव्हतं असं धरलं जातं. पुढे लहानपणीच ते जपानमध्ये राहायला गेलं तर राष्ट्रीयत्व परत मागता येतं, पण तो पुढचा खटाटोप.

आमच्याकडे काय झालं, बाळंतपण, जागरणं, माझी आई सांगलीहून आलेली, तिचे डिंकाचे लाडू, या सगळ्या धांदलीत अडीच महिने गेले. एके रात्री नवरा अंथरुणातून ताडकन उठून बसला. त्याला ती सही आठवली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीला दांडी मारून तो वकिलातीत गेला. पंधरा दिवस उशीर झाला असता, तर आजचं हे भाषण वेगळं झालं असतं.

मग तुम्ही विचाराल, आईचं काय? माझं भारतीयत्व तिला का नाही? आपला कायदा सांगतो की परदेशात जन्मलेल्या मुलाची एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा, आणि त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या. आम्हाला तर चौथ्या महिन्यात बाळाला घेऊन योकोहामाला सासूबाईंकडे जायचं होतं. पासपोर्ट काढले होते. मी काय लिहून देणार? त्यामुळे नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि तिच्या दोन राष्ट्रीयत्वांत माझं एकही नाही. सांगताना हसू येतं, पण पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं नव्हतं.

जपानचा हा कायदा आधी कसा होता, तेही ऐकण्यासारखं आहे. १९८४ पर्यंत तिथे फक्त बापाचं राष्ट्रीयत्व चालायचं. आई जपानी आणि तिचा नवरा परदेशी असला, तर मूल जपानी नाही. याची सर्वांत मोठी झळ ओकिनावाला बसली. तिथे अमेरिकन लष्कराचे तळ आहेत. ओकिनावाच्या मुलींनी अमेरिकन सैनिकांशी लग्नं केली. बापाने अमेरिकेत ठरावीक वर्षं काढलेली नसली, तर अमेरिका मुलाला आपलं मानत नव्हती, आणि आई जपानी असून जपानही मानत नव्हता. अशी कित्येक मुलं कुठल्याच देशाची नव्हती. पुढे स्त्रियांविषयीचा भेदभाव दूर करण्याचा आंतरराष्ट्रीय करार जपानला स्वीकारायचा होता. त्यासाठी कायदा बदलला, आणि १ जानेवारी १९८५ पासून आईचंही राष्ट्रीयत्व मुलाला मिळू लागलं.

आपण त्यांना नावं ठेवायला जायला नको. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळण्यासाठी आपल्याकडे १९९२ चा डिसेंबर उजाडावा लागला.

पण जपानच्या त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं. आता आईकडूनही मिळणार, बापाकडूनही मिळणार, म्हणजे दोन राष्ट्रीयत्वांची मुलं वाढणार. मग त्यांनी मोठं झाल्यावर एक निवडावं, असं ठरलं. मुदत होती बावीस वर्षांची. लेकीच्या जन्मापासून आम्ही 'बावीस' हाच आकडा मनात धरून बसलो होतो. १ एप्रिल २०२२ पासून जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय विसावरून अठरावर आलं, आणि त्याबरोबर ही मुदतही बावीसवरून विसावर आली. लेक तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या हिशेबातली दोन वर्षं अशीच गेली.

ती सहा वर्षांची असताना, २०११ च्या उन्हाळ्यात, आम्ही योकोहामाला राहायला आलो. शाळेत अशा मुलांना 'हाफू' म्हणतात. इंग्रजी 'हाफ'चंच हे जपानी रूप, म्हणजे अर्धी. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. तरी रोज कुणी 'अर्धी' म्हटलं की उरलेली अर्धी कुठे ठेवायची, हा प्रश्न पडतोच. दुसरा पासपोर्ट आहे हे वर्गात बोलायचं नाही, हे ती आपणहून शिकली. २०१६ साली रेन्हो या खासदार बाई विरोधी पक्षाच्या नेतेपदी निवडून आल्या. त्यांचे वडील तैवानचे. बाईंनी तैवानचं राष्ट्रीयत्व रीतसर सोडलेलं नव्हतं, यावरून एवढा गदारोळ झाला की २०१७ मध्ये त्यांना आपली कुटुंबनोंद, तिकडे तिला 'कोसेकी' म्हणतात, तिची कागदपत्रं पत्रकारांपुढे ठेवावी लागली. मोठी माणसं टीव्हीवर भांडत होती आणि माझी अकरा-बारा वर्षांची मुलगी गुपचूप ऐकत होती.

आता निवड म्हणजे नेमकं काय? याबद्दल तिकडेही भरपूर गैरसमज आहेत. मार्ग दोन. एक म्हणजे परदेशी राष्ट्रीयत्व सोडून द्यायचं आणि तसा दाखला आणायचा. दुसरा म्हणजे वॉर्ड ऑफिसात एक फॉर्म भरायचा, की मी जपानी राष्ट्रीयत्व निवडते आणि परदेशी राष्ट्रीयत्वाचा त्याग करते. ही झाली घोषणा. पण जपानमध्ये केलेल्या घोषणेने अमेरिकेचं नागरिकत्व जात नाही. अमेरिकेच्या कायद्याने ते सोडायचा हेतू असावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्या वकिलातीत स्वतः जाऊन शपथ घ्यावी लागते. जपानचा कायदाही हे जाणून आहे. म्हणून तो पुढे म्हणतो, की घोषणा केलेल्याने परदेशी राष्ट्रीयत्व सोडण्याचा 'प्रयत्न केला पाहिजे'. न केल्यास शिक्षा नाही. मुदतीत निवड केलीच नाही, तर मंत्री नोटीस पाठवू शकतात आणि त्यानंतर महिन्याभरात राष्ट्रीयत्व जाऊ शकतं. मात्र अशी नोटीस आजवर कुणाला दिलेली नाही, असंच सरकारकडून सांगण्यात आलं आहे.

ओळखीच्या सगळ्यांनी सल्ला दिला, "अहो, सही करा आणि विसरून जा. सगळे तेच करतात." मलाही ते पटलं होतं. आपल्याला असल्या गोष्टींची सवय असते.

लेकीला पटेना. जानेवारीत आम्ही कोतात्सूत पाय घालून बसलो होतो. कोतात्सू म्हणजे खालून ऊब देणारं, रजई घातलेलं बुटकं टेबल. टेबलावर तिचे दोन पासपोर्ट आणि माझा एक. अठरा वर्षांखालच्या जपानी मुलांना पाच वर्षांचा, गडद निळा पासपोर्ट मिळतो. तिचा तोच होता. अमेरिकेचा निळा, भारताचाही निळाच. लांबून तिन्ही सारखे. ती म्हणाली, "आई, मी सज्ञान झाल्यावरची ही पहिली मोठी सही. त्यात लिहायचं की मी त्याग करते, आणि मनात ठेवायचं की करणार नाही. म्हणजे पहिलीच सही खोटी?"

मी गप्प बसले. नवरा रात्री बारा वाजता रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी थांबणारा माणूस. त्याला मी म्हटलं, आता तूच बोल. तो बराच वेळ संत्रं सोलत राहिला. मग म्हणाला, "कायदा 'सोड' म्हणत नाही, 'प्रयत्न कर' म्हणतो. लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की माणसाला हे एका दिवसात जमणार नाही. तू सही करशील त्या दिवशी तुला जपानी म्हणून जगायचंय का, एवढं स्वतःला विचार. ते खरं असेल तर सही खरी."

"आणि अमेरिका?"

"ते रोज विचार. उत्तर बदललं तर मला सांग."

तिने नाओमी ओसाकाचं उदाहरण काढलं. नाओमीची आई जपानी, वडील हैतीचे, ती वाढली अमेरिकेत. बाविसावा वाढदिवस तोंडावर असताना, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, तिने जपान निवडत असल्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची ज्योत तिनेच पेटवली. लेक म्हणाली, "तिला सगळ्या जगासमोर सांगावं लागलं. मला निदान खिडकीवरच्या एका माणसालाच सांगायचंय."

फेब्रुवारीत, वाढदिवसाच्या आठ दिवस आधी, ती एकटी वॉर्ड ऑफिसात गेली. मी येते म्हटलं, तर नको म्हणाली. फॉर्म देताना तिने तिथल्या माणसाला विचारलं, "यात प्रयत्न म्हणजे किती?" त्याने नम्रपणे कायद्याची ओळ पुन्हा वाचून दाखवली. ती हसली आणि तिने फॉर्म दिला. आता कोसेकीत तिच्या नावापुढे निवडीची नोंद आहे. त्या कोसेकीत मी सदस्य नाही. परदेशी पत्नीचं नाव नवऱ्याच्या लग्नाच्या नोंदीत येतं.

अमेरिकेचं काय करायचं, ते तिने अजून ठरवलेलं नाही. पण तो प्रश्न तिने टाळलेलाही नाही. एका वहीत ती दोन्ही बाजू मांडते आहे. जगात कुठेही कमावलं तरी अमेरिकन नागरिकाला तिकडे कराचं विवरणपत्र भरावं लागतं, हे एका बाजूला. जन्मगावी कधीही परत जाऊन राहता येतं, हे दुसऱ्या बाजूला. त्या वहीमुळे मला वाटतं की तिची सही खरी आहे.

श्रोतेहो, जपानचा कायदा कठोर वाटतो ना? मग आपल्याकडे पाहू. आपली राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्हींना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशात जन्मून नोंदणीने भारतीय झालेलं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं सोडावं लागतं, नाही तर आपलं जातं. जपान अठरानंतर दोन वर्षं देतो. आपण सहा महिने. २००६ पासून मिळू लागलेलं ओसीआय कार्ड लेकीजवळ आहे. त्याच्या नावात 'नागरिक' हा शब्द असला, तरी त्यावर मतदान करता येत नाही की शेतजमीन घेता येत नाही. तो आजन्म व्हिसा आहे, आणि तेवढ्यासाठी मी सरकारची आभारी आहे.

मोठ्या वयात ही निवड करणारी मराठी माणसंही आहेत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे त्यांपैकी एक. २०१२ साली ते जपानी नागरिक झाले, म्हणजेच भारतीय राहिले नाहीत. पण त्यांनी जाणत्या वयात, आपल्या मर्जीने आणि आपल्या वेळेला ठरवलं. माझ्या मुलीने काही मागितलं नव्हतं. तिला दोन्ही जन्माने मिळाली, आणि एक परत करण्याची तारीख दुसऱ्याने ठरवली. फरक आहे तो इथे.

पुण्यामुंबईतली किती तरी मुलं आज जपानी शिकतात, तिकडे नोकरीला जातात, काही तिथेच लग्न करतात. त्यांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं. बाळ येईल तेव्हा बारशाच्या तारखेबरोबर दोन मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवा, जपानची तीन महिन्यांची आणि भारताची एका वर्षाची. आणि मूल समजू लागलं की त्याला हे सगळं मोकळेपणाने सांगा. लपवायला शिकवू नका. पुढे जी सही करायची आहे, ती त्याला समजून करता आली पाहिजे.

मागच्या सुट्टीत आम्ही मुंबईला उतरलो. परदेशी लोकांच्या खिडकीवर अधिकाऱ्याने लेकीला इंग्रजीत विचारलं, भारतात कशासाठी आलात? मी माझ्या रांगेतून ऐकत होते. ती मराठीत म्हणाली, "आजीकडे आलेय, सांगलीला." अधिकाऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पासपोर्टकडे, आणि शिक्का मारला.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)