सीट बेल्ट आणि चालकाची वृत्ती
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या संस्थेत ड्रायव्हरकी करून संसार चालविणारे अनेक सभासद आहेत. त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ सभासदांनी मागे मला विचारले होते, "सर, पट्टा बांधला की माणूस बेफिकीर होतो आणि गाडी जास्तच पळवतो. मग त्या पट्ट्याचा उपयोग काय?" मी ते हसण्यावारी नेले. पुढे वाचन केले तेव्हा कळले की, हाच प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनीही विचारलेला आहे. तेव्हा प्रथम त्यांची जाहीर माफी मागतो आणि मग विषयाकडे वळतो.

आज गाडीत दिसणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोहलिन यांनी तयार केला. पुढच्या सीटवरील माणसाचा अपघातात मृत्यू होण्याचा धोका या पट्ट्यामुळे जवळजवळ निम्म्याने कमी होतो. याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो पट्टा लावल्यावर माणूस कसा वागतो याबद्दल.

१९७५ साली सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की, मोटारींतील सुरक्षेची साधने सक्तीची केल्याने एकूण मृत्यू कमी झालेले नाहीत. सुरक्षित वाटू लागले की चालक अधिक धोका पत्करतो आणि त्याची किंमत पायी चालणारा चुकवितो, असे त्यांचे म्हणणे. आपल्या सभासदांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते!

ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला. त्यापूर्वी दहापैकी सुमारे चार जण पट्टा लावीत. कायद्यानंतर नऊहून अधिक जण लावू लागले. हार्वे व डर्बिन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली हिशोब मांडला, तेव्हा चालकांचे मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी आणि शेजारी बसणाऱ्यांचे सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परंतु मागे बसणारे, पादचारी आणि सायकलस्वार यांच्या मृत्यूंत वाढ दिसली. जॉन ॲडम्स या भूगोलाच्या प्राध्यापकांनी यावरच बोट ठेवले. मात्र त्याच वर्षी दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यांची श्वासतपासणीही कडक झाली होती. म्हणून कोणता परिणाम कशाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मग प्रत्यक्ष प्रयोग झाले. १९८८ साली अमेरिकेत स्ट्रेफ व गेलर यांनी लोकांना लहान शर्यतीच्या गाड्या चालवायला दिल्या. काहींना पट्टा होता, काहींना नव्हता. दोन्ही गटांच्या वेगात फरक आढळला नाही. पण जे आधी पट्ट्याविना चालवीत होते आणि मग ज्यांना पट्टा बांधला, त्यांनी वेग वाढविला. १९९४ साली हॉलंडमध्ये यान्सेन यांनी एरवी पट्टा न लावणाऱ्यांना पट्टा लावून महामार्गावर चालवायला सांगितले, तेव्हा त्यांचाही वेग वाढलेला दिसला.

विद्यार्थी मित्रहो, माझ्या मते या साऱ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ज्याने पहिल्या दिवसापासून पट्टा लावला त्याला पट्टा म्हणजे काही विशेष संरक्षण वाटत नाही; तो अंगातल्या सदऱ्यासारखा असतो. बिनपट्ट्याची सवय हाडीमाशी भिनल्यावर जो पट्टा बांधतो, त्याच्या मनात मात्र ढाल मिळाल्याची भावना येऊ शकते. तुमच्यापैकी अनेकजण लवकरच लायसन्स काढाल. शिकण्याच्या पहिल्याच दिवशी, मोकळ्या मैदानात गाडी फिरवितानाही पट्टा लावा, असे मी सांगतो ते यासाठी.

पुढे २००३ साली कोहेन व आयनाव्ह या संशोधकांनी अमेरिकेतील अनेक राज्यांची १९८३ ते १९९७ ची आकडेवारी तपासली. पट्ट्याचा वापर वाढल्याने मृत्यू घटले, आणि चालक त्यामुळे बेपर्वा झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. मात्र घट अपेक्षेपेक्षा कमी होती. एक कारण असे सांगतात की, सावध माणूस सक्तीपूर्वीच पट्टा लावतो. ज्याच्यामुळे अपघात होतात, तो सर्वांत शेवटी लावतो.

तो शेवटचा माणूस आपल्याकडेही आहे. गाडीने 'टिंग टिंग' करू नये म्हणून नुसती क्लिप खाचेत अडकवून पट्ट्याशिवाय बसणारे महाभाग आहेत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना अशा क्लिपांची विक्री थांबविण्याचे आदेश द्यावे लागले. दंडाचे हजार रुपये चुकवायला माणूस किती बुद्धी खर्च करतो पहा.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पट्टा न लावलेले १६,७१५ होते. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. खरे सांगायचे तर तोवर मीही मागे बसून कधी पट्टा लावला नव्हता. मागचा माणूस मोकळा असेल तर धक्क्यासरशी तो पुढच्यावर आदळतो. जपानमधील २००२ च्या एका अभ्यासात, मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पट्टा लावलेल्या पुढच्या माणसाचाही मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे आढळले.

आणि त्या १,६८,४९१ मध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारे होते. आपल्या वस्तीतली बहुतेक माणसे यांतच मोडतात. त्यांना बांधायला पट्टा नाही. म्हणून त्या सभासदांना माझे उत्तर असे : पट्टा बांधाच, तो तुम्हाला वाचवितो, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तो वाचवीत नाही, तिला तुमचा ब्रेकवरचा पायच वाचवितो. ते सभासद आज समोर बसले आहेत. तीस वर्षे त्यांनी गाडी चालविली आहे, मी फक्त वाचले आहे. माझे काही चुकले असेल तर त्यांनी आता उठून सांगावे, अशी मी त्यांना विनंती करतो.