लॅपटॉपचा वेग आणि पडद्यावरचे चित्र



माझ्या पुतण्याने परवा तक्रार आणली, "काका, लॅपटॉपवर खेळ झकास चालतो, पण सिनेमा लावला की मध्येच पडदा काळा होतो." चौकशी करता कळले की, चिरंजीवांनी ग्राफिक्स चिपचा वेग कारखान्याच्या मर्यादेपलीकडे नेला होता, आणि नवा ड्रायव्हर तेवढी मोकळीक देत नाही म्हणून जुनाच जपून ठेवला होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाष्या, एवढे आज पुरे.

हा पेच एकट्या त्याचा नव्हे. २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स ९००एम चिपा वापरणाऱ्यांना आढळले की, नव्या ड्रायव्हरने वेग वाढवण्याची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, वाट बुजवली आहे. कंपनी म्हणाली, ही सोय चुकून राहिली होती. लॅपटॉपची वीज आणि उष्णता यांचा हिशेब आधीच काटेकोर बसवलेला असतो. ग्राहक खवळले. थोड्याच दिवसांत कंपनी नमली : सोय पुढच्या महिन्यात परत देऊ, घाई असेल त्यांनी तोवर ३४४.७५ या जुन्या आवृत्तीकडे वळावे!

मी ग्राहकांच्या पक्षाचा. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा मालक कोण, हा प्रश्न लहान नाही. पण उष्णतेची गोष्ट खोटी नव्हती. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवा, वीज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढेल. त्यातून पुष्कळ लॅपटॉपांत मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या सामाईक असतात. एक तापला की दुसऱ्यालाही धग लागते.

आणि सिनेमाला यातून काय मिळते? काही नाही! सिनेमाची चित्रे सेकंदाला २४. एका चित्राला जवळजवळ ४२ मिलिसेकंदांची सवड. ती उलगडण्याचे काम चिपवरचा निराळा भाग करतो. खेळ रंगवणाऱ्या गाभ्याला कितीही पळवा, चित्रपट तसूभर सुधारत नाही. उलट गाभा अडखळला, तर विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहते आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करते. तोच तो काळा पडदा. जुन्या ड्रायव्हरचे दुखणे वेगळे : नव्या पद्धतीने साठवलेले चित्र उलगडण्याची आज्ञा त्याला कळली नाही, की सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घरघरू लागतो.

म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या नाहीत. आधी ड्रायव्हर तोच ठेवून वेग मूळपदावर आणला. काळा पडदा थांबला, पंखा थांबेना. मग ड्रायव्हर बदलला, तोही निवला. आता खेळापुरता वेग वाढवायचा आणि सिनेमापूर्वी उतरवायचा, असे ठरले आहे. नवा ड्रायव्हर पूर्वीइतका वेग चढवू देत नाही, म्हणून चिरंजीव माझ्यावर रुसले आहेत. वहिनी मात्र त्याच लॅपटॉपवर रोज रात्री सिनेमा पाहतात.