राखणदाराचा पत्ता

श्रोतेहो, आज हाताने केलेल्या छापचित्रांविषयी बोलायचं आहे. लिनोवर किंवा लाकडावर कोरायचं, शाई फिरवायची, वर कागद ठेवून छाप घ्यायचा, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. अलीकडे प्रदर्शनांत आणि किनाऱ्याकडच्या दुकानांत अशी चित्रं दिसू लागली आहेत आणि त्यांतल्या कितीतरी चित्रांत आपला देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, असतो. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटती चूड, पायांत जाड वहाणा. आपली तरुण मुलंमुली हे काम करतात आणि ते बघून मला मनापासून आनंद होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी थोडी रागावणार आहे.

परवा पणजीत अशाच एका चित्रापुढे उभी होते. काम फार चांगलं. घोंगडीचा खरखरीतपणा बारीक रेघांनी असा आणला होता की हात लावावासा वाटावा. चित्राखालच्या मोकळ्या पट्टीत डावीकडे पेन्सिलने लिहिलं होतं तीन भागिले वीस, म्हणजे वीस छापांतला तिसरा. उजवीकडे सही. मध्ये नाव, ‘देवचार’. मी त्या मुलाला विचारलं, “खंयचो रे हो?” म्हणाला, “असाच, गोव्याचा.”

बाबा रे, गोव्याचा देवचार असा कोणी नसतोच! देवचार या वडाखालचा असतो, पाणी अडवणाऱ्या त्या मानशीवरचा असतो, खाजन शेताच्या बांधावरचा असतो. या व्हाळापासून त्या पिंपळापर्यंत त्याची शीम, आणि तेवढ्याच शिमेत तो रात्री फिरतो. फिरून फिरून वहाणा झिजतात म्हणून तर आपण त्याला नव्या वाहतो. पलीकडच्या वाड्यावर दुसरा राखणदार. त्याचा रोटाचा नैवेद्य वेगळा, त्याचा दिवस वेगळा.

आमच्या पेडण्यात गाऱ्हाणं घालतात ते आठवून बघा. हातात नारळ घेऊन जाणता माणूस उभा राहतो आणि एकेका ठिकाणाचं नाव घेतो. देवळातला देव, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, डोंगरावरचा. बाकीचे मागून म्हणतात, “व्हय म्हाराजा.” एखादं ठिकाण राहिलं तर शेवटी चुकल्यामाकल्याची माफीही मागतात. गाऱ्हाण्यात राखणदाराच्या रूपाचं वर्णन जवळजवळ नसतंच. नाक कसं, डोळे कसे, कोणी सांगत नाही. सांगतात तो पत्ता. आणि आपण चित्रात नाकडोळे कोरत बसतो आणि पत्ता तेवढा गाळतो.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत तर देवाचं नाव गावापासून सुटतच नाही. लईराई शिरगावची, केळबाई मुळगावची, महामाया मयेची, मोरजाई मोरजीची. बहिणी सगळ्या, पण प्रत्येकीचा गाव ठरलेला. बेताळ म्हटला की आम्ही विचारतो, आमोण्याचा का? होळीनंतर अंगात वारं आलेले गडे रात्रीचे डोंगराकडे धावतात ते साळचे. आणि कोजागिरीच्या रात्री पेडण्याची पुनव भरते तेव्हा भूतनाथ देऊळ मागतो ते पेडण्यातच, आणि तेही एका रात्रीत बांधून हवं म्हणतो. त्याची समजूत काढायला लोक जमतात, दर वर्षी. हा भूतनाथ उचलून मडगावात नेऊन ठेवला तर त्याचं मागणं काय उरलं?

हे मी मिरचीवरून सांगते, म्हणजे लक्षात राहील. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण मिरची घ्यायला जातो. ढिगाजवळ बसलेल्या बाईला पहिला प्रश्न काय विचारतो? भाव नंतर. आधी विचारतो, “खंयची गे?” ती म्हणते, हरमलची. मग आपण एक उचलतो, वास घेतो, देठ बघतो. देठासकट मिरची असली तर ती पावसाळाभर डब्यात टिकते. देठ मोडलेली असली की तिथून दमट हवा आत शिरते, बुरशी धरते, आणि ऑगस्टात डबा उघडला की कुबट वास येतो. छापाखालचं गावाचं नाव म्हणजे हा देठ. देठाने तिखटपणा वाढत नाही, हे खरं. चित्रही गावाच्या नावाने अधिक सुंदर होणार नाही. पण वीस वर्षांनी तो कागद कोणाच्या तरी ट्रंकेतून निघेल तेव्हा त्यातला देवचार कुठला, हे सांगायला आपण असणार आहोत का? मिरचीचा गाव आपण विचारून घेतो. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. राखणदार तर तिच्याही आधीपासून तिथे उभा आहे.

पत्त्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलुख आहे. तिथेही हाताने छापलेल्या चित्रांत गावची भुतंखेतं आणि समुद्रातली माणसं येतात. तिथल्या एका मत्स्यकन्येचं ठिकाण झेनॉर. त्या गावच्या चर्चमध्ये लाकडी बाकाच्या बाजूला ती कोरलेली आहे, कंगवा आणि आरसा घेतलेली. तिला झेनॉरचीच मत्स्यकन्या म्हणतात. न्यूलिन गावचे कोळी बुका नावाच्या समुद्रातल्या शक्तीसाठी किनाऱ्यावर मासळीचा वाटा ठेवत. कथलाच्या खाणींत ‘नॉकर’ राहतात, भिंतीवर टकटक करून धोक्याची सूचना देतात, असं कामगार मानत आणि आपल्या जेवणातला पेस्ट्रीचा कडेचा तुकडा त्यांच्यासाठी टाकत. आपण बांधावर रोट ठेवतो, तसंच ना हे? या मुलुखातल्या अशा कितीतरी गोष्टी रॉबर्ट हंट या गृहस्थांनी गोळा करून १८६५ साली छापल्या. हंट सरकारात खाणींच्या नोंदी ठेवण्याच्या कामावर होते. कुठल्या खाणीतून किती माल निघाला हे लिहिणाऱ्या माणसाने त्या मुलुखातल्या भुतांचीही नोंद ठेवली, ही गोष्ट मला डिचोलीसाठी फार महत्त्वाची वाटते. त्याकडे येतेच.

मध्येच एक शंका काढायला जागा आहे. कॉर्नवॉलचे खाणकामगार पोटासाठी अमेरिकेला गेले आणि नॉकरही त्यांच्याबरोबर तिथल्या खाणींत पोचले. मग आमचा राखणदार मुंबईच्या चाळीत का नाही पोचला? आमचा चाकरमानी दर वर्षी परत येऊन बांधावर नारळ ठेवतो, देवाला तिकडे नेत नाही. याचं कारण शेतजमिनीत आहे असं मला वाटतं, पण तो विषय वेगळा आणि वेळ थोडा.

आता कोरण्याचं. लिनोवर चित्र उलटं कोरावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने आपल्या वाड्यावरचा राखणदार कोरला. घरात प्रेस नव्हता, म्हणून शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून त्याच्या पाठीवर नारळाच्या करवंटीची दवली घासली. दवलीचा फुगीर भाग गोल गोल फिरवायचा, कडेपासून आत. मग एक कोपरा धरून कागद हळूच सोलायचा. छाप सुरेख आला. आजीला दाखवला. आजी म्हणाली, “हो आमचो न्हय. आमच्याची काठी उजव्या हातात. आनी वड ताच्या दाव्या अंगाक.” मुलगी उलटं कोरायला विसरली होती, त्यामुळे सगळं फिरलं होतं. तिने दुसरा लिनो घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून कोरला. मला हे फार आवडलं. आजीला वडाची बाजू ठाऊक होती! तुमच्याही घरात अशी आजी असेल. कोरायला बसण्याआधी तिच्याजवळ बसा.

आपल्याला ही कला परकीही नाही. मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीकाम आहे. पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा वर काढायचा. लिनो कोरणाऱ्या हाताला ते बघताक्षणी कळेल. आणि छपाई म्हणाल तर हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली पणजीपासून दहाएक किलोमीटरवर, जुन्या गोव्यात सुरू झाला. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक तिथे छापलं, तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर गोवा हे ठिकाण छापलेलं आहे. कुठे छापलं ते लिहायचं, ही छापणाऱ्यांची इतकी जुनी शिस्त. मग कुठला देवचार, हे लिहायला काय हरकत आहे?

डिचोलीचं सांगायचं राहिलं. तिथे लोहखनिजासाठी डोंगर उतरवले गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पण गेलेला डोंगर परत येत नाही. त्या डोंगरावर कोणाची तरी जागा होती, त्याच्या पायथ्याशी कोणी तरी विडी आणि नारळ ठेवत होतं. विनायक खेडेकरांसारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लोकपरंपरा लिहून ठेवल्या, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण प्रत्येक वाड्यावर, प्रत्येक व्हाळावर एकटा माणूस किती पोचणार? चित्रकार मुलांनो, तुम्ही पोचू शकता. झाड पडलं असेल तर पडलं म्हणून लिहा. डोंगर गेला असेल तर कुठला गेला ते लिहा. तालुका नको, गाव लिहा. गावही पुरेसा नाही, वाडा लिहा, झाड लिहा.

पुन्हा एकदा सांगते, कारण काही जणांनी रेडिओ आत्ताच लावला असेल. डावीकडे छापाचा क्रमांक, उजवीकडे सही, आणि मध्ये नुसतं ‘देवचार’ नको. मध्ये पत्ता. पेन्सिलने लिहिलात तर सरळ लिहायचा, लिनोतच कोरणार असाल तर अक्षरं उलटी कोरायची आणि आधी आरशात बघून घ्यायची. ‘ळ’ कोरताना हात हमखास चुकतो, साळ आणि मुळगाववाल्यांनी जपून. काचेपलीकडून मला खूण झाली आहे. भूतनाथाच्या तरंगाविषयी, म्हणजे त्याच्या मिरवायच्या खांबाविषयी, बोलायचं होतं, ते राहून गेलं.