आपल्या गुरुजींना शास्त्रज्ञांची जोड



आपल्यापैकी बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नाही. पण धानाच्या रोवणीला लागणारा पाऊस समुद्रावरूनच येतो, आणि आपल्या वैनगंगेचं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून आपल्या वैनगंगेत येतं. तेही याच वाटेनं पुढं जातं.

म्हणजे समुद्राचा धडा आपल्या घरचाच आहे. पण तो शिकवणाऱ्या बाईंना, गुरुजींना हे संशोधन जवळून पाहायला कुठं मिळतं? पुस्तकात आहे तेवढंच ते सांगणार.

यावर उपाय आहे. शिक्षकाला काही दिवस शास्त्रज्ञासोबत काम करू द्यायचं. अमेरिकेत १९९० पासून शिक्षकांना समुद्र-संशोधनाच्या जहाजावर नेतात. ते तिथं शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करतात आणि परत येऊन वर्गात शिकवतात.

आपल्या देशात ६ जुलै २०१७ रोजी ‘जिज्ञासा’ उपक्रम सुरू झाला. सीएसआयआर या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळा त्यात विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी जोडल्या जातात. शास्त्रज्ञानं शिकवावं आणि शिक्षकानं संशोधन करून पाहावं, हाही त्याचा एक भाग. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यातलीच. आणि पाण्याचा, सांडपाण्याचा अभ्यास करणारी नागपूरची ‘नीरी’सुद्धा. ती तर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर आहे.

पण हा उपक्रम सुरू झाला तो केंद्रीय विद्यालयांसोबत. आपली लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. म्हणून मागणी आपणच करायला हवी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिथं बसून नुसती सही करू नका. ठराव मांडा: आमच्या विज्ञान शिक्षकांना ‘नीरी’त अनुभवासाठी पाठवा, आणि परतल्यावरही शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन फोनवर मिळत राहू द्या. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.

शास्त्रज्ञांनाही इथं शिकण्यासारखं आहे. तलावातली कोणती मासळी कमी झाली, हे आपल्या ढिवर बायांना चांगलं ठाऊक आहे. शिक्षक त्यांच्याकडून ते ऐकून शास्त्रज्ञांपर्यंत नेऊ शकतात.

तेव्हा पुढच्या बैठकीला जा, बोला, आणि ठराव दिल्याची पोच नक्की घ्या.