हृदयशस्त्रक्रिया आणि मनाचा आधार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली, की घरात पहिली विवंचना उत्पन्न होते ती पैशाची. तीत आपली संस्था यथाशक्ति हातभार लावते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रुग्णाच्या मनात दाटलेल्या भयाची वास्तपुस्त कोण करतो, हा प्रश्न आज आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत.

१९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयातील दोष यशस्वीपणे दुरुस्त केला. आज अशा शस्त्रक्रिया शल्यविशारदांस नित्याच्या झाल्या आहेत. रुग्णास मात्र आपले हृदय काही काळ थांबविणार, ही कल्पनाच धडकी भरविते. घरची मंडळी "काही होत नाही" एवढे म्हणून विषय पालटतात. हेतू निर्मळ असतो. पण न बोललेले भय रात्रभर वाढतच राहते.

१९६४ साली बोस्टन येथे डॉ. एग्बर्ट प्रभृतींनी पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांस वेदना कोठे होतील व त्या कशा सोसाव्या, हे नीट समजावून दिले. त्यांना पुढे वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारे निम्मेच लागले. शस्त्रक्रिया निराळी असली, तरी भयाचा स्वभाव एकच.

मग हृदयरुग्णास काय सांगावे? शुद्धीवर येताना घशात नळी असेल, बोलता येणार नाही, खुणेने सांगावे. काहींस थोडे दिवस भ्रम होतो. तो बहुधा ओसरतो. छातीचे हाड जुळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. घरी आल्यावर अकारण रडू येते. तो दुबळेपणा नव्हे. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांस अवश्य कळवावे.

हे सर्वांत पटते ते त्यातून गेलेल्या माणसाच्या तोंडून. बोस्टनमध्येच १९५१ साली डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या चार रुग्णांनी 'मेंडेड हार्ट्स' ही संस्था स्थापिली. बरे झालेल्यांनी नव्या रुग्णांस भेटावे, हे तिचे ब्रीद. आपल्या ज्ञातीतही अशी शस्त्रक्रिया झालेली माणसे आहेत. त्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. डॉक्टरांच्या अनुमतीने रुग्णास भेटावे, औषधोपचाराविषयी मत देऊ नये, बोलावे थोडे व ऐकावे अधिक.

द्रव्यसाह्य सर्वांनाच शक्य नसते. घटकाभर शेजारी बसणे मात्र शक्य असते. ते आपण यंदापासून आरंभावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.