टेबलाच्या खणांतील झरण्या



जुन्या घरांत टेबलाचा किंवा कपाटाचा एक तरी खण असा असतो कीं, त्यांत काय आहे हें घरांतल्या कोणालाच नीट सांगतां येत नाहीं. गंजलेल्या किल्ल्या, बंद पडलेलें घड्याळ, चष्म्याची एकटी कांच, आणि या सर्वांखालीं शाई वाळून गेलेलीं एक-दोन फौंटनपेनें. आमच्या मूर्तिजापुरासारख्या तालुक्याच्या गांवींहि अशीं घरें पुष्कळ आहेत. कापसाच्या अडतींतले मुनीम, जिनिंगचे कारकून, तालुक्याच्या कोर्टांतले वकील, शाळामास्तर, रेल्वेंतले बाबू, अशी ही सारी लेखणीवर पोट असलेली मंडळी. त्यांच्या खिशाला एकेकाळीं दिमाखानें लावलेली ती क्लिप आतां मुलामा उडून खणांत पडलेली असते. फौंटनपेनाला झरणी म्हणावें हें मला फार आवडतें. शाई आंतून आपण होऊन झरत येते, हें सगळें त्या एका शब्दांत आलें. तर आज मला बोलावयाचें आहे तें या झरण्यांविषयीं, त्या गोळा करणाऱ्या हौशी माणसांविषयीं, आणि त्यांना सराफाच्या काट्यापासून वाचविण्याविषयीं.

सराफाचा येथें काय संबंध, असें आपण विचाराल. चांगल्या जुन्या झरणीची निब बहुधा १४ कॅरट सोन्याची असे. म्हणजे शंभर भागांत सुमारें ५८ भाग सोनें. यांत श्रीमंतीचा देखावा थोडा होता, नाहीं असें नाहीं. पण खरें कारण निराळें होतें. त्या काळची शाई आम्लयुक्त असे व साधें पोलाद ती हळूहळू खाऊन टाकी. सोन्यापुढें मात्र तिचें कांहीं चालत नसे. टोंकाला सोनें उपयोगी नाहीं, कारण तें मऊ. म्हणून तेथें ऑस्मियम-इरिडियमसारख्या अतिकठीण धातूचा, मोहरीहूनहि लहान असा मणी जोडलेला असतो. असली निब वजनाला साधारण अर्ध्या ग्रॅमच्या मागेंपुढें भरते. सोन्याचा भाव चढला कीं घरच्यांना खणांतल्या झरणीची आठवण होते. सराफ निब उपटून तोलतो, सोनें मुशींत जातें, आणि उरलेली नळी मुलांना खेळावयास मिळते. कानांतल्या फुलांच्या एका जोडीइतकेंहि सोनें त्यांतून निघत नाहीं. झरणी मात्र गेली ती कायमची. कारण त्याच नळीला बसेल अशी निब आज शोधूं गेल्यास महिने जातात, आणि मिळाली तर ती दुसरी झरणी मोडूनच मिळालेली असते.

झरणी येण्यापूर्वीं आपल्याकडे बोरू होता आणि टांक होता. बोरू छाटणें ही एक विद्याच होती. देवनागरीसाठीं त्याचें तोंड इंग्रजी अक्षराच्या उलट अंगानें तिरकें कापावें लागतें. यामुळेंच विलायती पद्धतीच्या रुंद, कापीव तोंडाची निब घेऊन कोणी मराठी लिहूं लागला, तर जाड रेघ नको तेथें येते आणि बारीक रेघहि नको तेथें. आपल्या लिपीला गोल टोंकाची निब बरी ती यासाठींच. टांक आला तो दौतीला बरोबर घेऊन. बुडवावें, चार शब्द लिहावे, पुन्हां बुडवावें. १९३१ सालीं मुंबईस दांडेकरांनीं शाईची पूड व वड्या विकण्याचा धंदा काढला. त्यांची खूण घोडा छाप. पुढें झरणीसाठीं त्यांची उंट छाप शाई निघाली, आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ हे शब्द जोडून झालेलें कॅमलिन हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. वडी पाण्यांत विरघळवून केलेल्या शाईनें ज्यांचीं बोटें निळीं झालीं, त्यांना दौतीवांचून पानें भरणाऱ्या झरणीचें अप्रूप किती वाटलें असेल, याची कल्पना बॉलपेनाच्या युगांत सहसा येत नाहीं.

वॉटरमन या अमेरिकन गृहस्थानें १८८४ सालीं ज्या झरणीचें पेटंट घेतलें, तिच्यांतील तत्त्व साधें आहे. जितकी शाई खालीं उतरेल तितकी हवा वर गेली पाहिजे. त्यासाठीं निबेखालच्या पट्टीला बारीक चिरा पाडलेल्या असतात. ही देवघेव बिघडली कीं झरणी एक तर रुसते, नाहीं तर ओकते.

हौशी माणसें एकत्र जमलीं कीं पहिला वाद हा, कीं सर्वांत चांगली झरणी कोणती. जुन्या मंडळींपैकीं कांहीं पार्करच्या ड्युओफोल्डवर अडून बसतात. १९२१ सालीं ती ७ डॉलरना विकली जात असे, आणि झरण्या बहुतेक काळ्याच असण्याच्या त्या दिवसांत तिचा लालभडक रंग म्हणजे धीटपणाच होता. कांहींना १९३३ ची व्हॅक्युमॅटिक आवडते. तिच्या अंगावरील आडव्या झिरझिरीत वलयांतून आंतली शाई दिसते. पण बहुमत घेतलें तर तें बहुधा पार्कर ५१ ला मिळेल. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षीं, म्हणजे १९३९ सालीं, ती सिद्ध झाली म्हणून हें नांव. बाजारांत आली १९४१ सालीं. तिची निब जवळजवळ सगळी आच्छादनाखालीं असते, केवळ टोंक बाहेर. त्यामुळें टोपण कांहीं वेळ उघडें राहिलें तरी शाई वाळत नाहीं. लग्नांत जांवयाला घड्याळाबरोबर पार्कर देण्याची रीत आपल्याकडे पडली. त्यांपैकीं किती जांवयांनीं तिनें लिहिलें, हा प्रश्न मी येथें विचारीत नाहीं.

वऱ्हाडच्या माणसाला कौतुक वाटावें अशी एक गोष्ट या झरण्यांत दडलेली आहे. पहिल्या झरण्या एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या असत. १९२४ च्या सुमारास शेफर कंपनीनें सेल्युलॉइड वापरावयास घेतलें, आणि पाठोपाठ इतरांनींहि. मग मोत्यासारखे, संगमरवरासारखे, कासवाच्या पाठीसारखे रंग आले. हें सेल्युलॉइड म्हणजे काय? कापसांतलें तंतुद्रव्य नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांत मुरवून त्यांत कापूर मिसळला कीं तें होतें. जें पीक भरलेल्या गाड्यांनीं आमच्या बाजारांत येतें, तें आणि देवघरांतला कापूर, या दोहोंच्या लग्नांतून ती परदेशी चीज जन्मली. अशा झरणीचें टोपण काढून नाकाशीं धरलें तर कधीं कधीं कापराचा वास अजून येतो. कापराप्रमाणेंच ती पेटतेहि लौकर. म्हणून दिव्याजवळ अथवा उन्हांत ती ठेवूं नये, आणि हवाबंद डब्यांतहि कोंडूं नये, कारण कोंडलेलें सेल्युलॉइड आपल्याच आम्लानें कुजतें.

आमच्या गांवाहून नागपूरच्या गाडीनें निघालें, कीं बडनेऱ्याच्या पुढें वर्धा लागतें. परदेशी झरण्यांना तोडीस तोड देण्याचा एक मोठा उद्योग त्या वर्ध्याशीं जोडलेला आहे. आंध्रांतील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम् यांनीं स्वदेशी झरणी घडवून गांधीजींकडे पाठविली. १९३५ च्या जुलैंत गांधीजींनीं वर्ध्याहून त्यांना आभाराचें पत्र लिहिलें. बाजारांत दिसणाऱ्या परदेशी झरण्यांऐवजीं ही चांगली चालेल, असा त्याचा आशय होता. गांधीजींसारख्या काटेकोर माणसाची ही पावती लहान नव्हे. रत्नम् यांच्या घराण्याचें नांव त्या झरण्यांमुळें सर्व देशांत झालें. एबोनाइटची जाड कांडी लेथवर धरून कारागीर ती हातानें कांततो. आंत रबरी पिशवी नाहीं, स्क्रू नाहीं, कांहीं नाहीं. पोकळ नळींत ड्रॉपरनें शाई ओतावयाची, झालें.

ही साधी रचना आपल्या हवेला मानवली. रबराची पिशवी उष्णतेनें चिकट होते किंवा कडकते. नळीला तें भय नाहीं. मात्र एक खोड आहे. मे महिन्यांत वऱ्हाडांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; अशा दिवसांत नळी अर्धी रिकामी असेल, तर हाताच्या उबेनें आंतली हवा फुगते आणि शाईचा थेंब नेमका सहीच्या वेळीं कागदावर पडतो. उपाय एवढाच, कीं नळी अर्ध्याच्या खालीं जाऊं देऊं नये. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनें आलीं, तेव्हां मुंबईच्या विल्सन व एअरमेल यांसारख्या देशी झरण्यांनींच शाळा-कचेऱ्या चालविल्या. पुढें चीनची हिरोहि आली. संग्राहक मंडळी पूर्वीं या देशी झरण्यांना नाक मुरडीत. आतां त्याच एबोनाइटच्या देशी झरण्या परदेशांतले लोक मागवून घेतात, आणि आपले लोक त्यामुळें त्यांना मान देऊं लागले आहेत! आपल्या वस्तूची किंमत दुसऱ्यानें सांगावी लागते, हें कांहीं नवें नाहीं.

हा छंद केवळ रिकामटेकड्यांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ग्रंथांप्रमाणेंच झरण्यांचीहि हौस होती. ज्याला दिवसाचे कित्येक तास लिहावयाचें आहे, त्याला हातांतल्या लेखणीचें वजन, तिचा ओलावा, कागदावरची तिची चाल या गोष्टी सुताराला रंध्याच्या पात्याइतक्याच महत्त्वाच्या असतात. मखमलीच्या पेटींत पन्नास झरण्या मांडून त्यांत कधीं शाईच न भरणारा संग्राहक मला म्हणूनच परका वाटतो. तो दागिने जमवितो, झरण्या नव्हे. मूर्तिजापूरच्या स्थानकावरून १९०३ पासून यवतमाळकडे आणि १९१३ पासून अचलपूरकडे शकुंतला ही लहान रुळांची गाडी जात असे. तिचें मँचेस्टरला १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवलें. आतां ती गाडी बंद आहे, आणि ती पुन्हां चालविणें तुमच्या-माझ्या हातचें नाहीं. झरणीचें तसें नाहीं. चाळीस वर्षें गप्प असलेली झरणी अर्ध्या दिवसांत बोलूं लागते, आणि या छंदांतील खरें सुख तें आहे.

माझ्या परिचयाच्या एका घरांतील गोष्ट सांगतों. सासरे वकील, त्यांना जाऊन बरींच वर्षें झालेलीं. आवराआवर करतांना सूनबाईंना एक झरणी सांपडली. तिच्या अंगावर सासऱ्यांचें नांव कोरलेलें. सराफानें निबेचा भाव सांगितला होता. त्या मला म्हणाल्या, “लिहील काय जी काकाजी, हा पेन आतां?” मीं आठ दिवस मागून घेतले. आंतली रबरी पिशवी वाळून पापडासारखी झाली होती. ती खरवडून काढली, नवी बसविली, तोंडाशीं चपड्याचा पातळ हात दिला. ती झरणी मला स्वतःला हवी होती, हें मी लपवीत नाहीं. तसली ड्युओफोल्ड माझ्याजवळ नव्हती, व सराफाच्या दुप्पट पैसे मीं आनंदानें दिले असते. पण नांव कोरलेली वस्तु घरांतून काढून घेणें मला जड गेलें, आणि किंमतीचा शब्द मीं काढला नाहीं. सूनबाईंनीं तिनें पहिली लिहिली ती किराण्याची यादी. रेघ एका बाजूस किंचित् खरखरत होती. सासरे झरणी थोडी वळवून धरीत असावेत. लोक म्हणतात कीं झरणीला धन्याच्या हाताचें वळण लागतें व ती दुसऱ्यास देऊं नये. यांत अतिशयोक्ति बरीच आहे, कारण तो मणी सहजीं झिजत नाहीं. परंतु तीस-पस्तीस वर्षांच्या लिहिण्यानें झिजतो तो धरण्याच्या कोनांतच झिजतो, एवढें खरें. ती झरणी अद्याप त्यांच्याच घरीं आहे. मधूनमधून शाई अडली म्हणजे मला बोलावणें येतें.

या कारणानें मीं एक वही ठेवली आहे. कोणती झरणी कोणाकडून आली, ती पूर्वीं कोणाच्या हातांत होती, तिनें काय लिहिलें जाई, हें त्यांत लिहितों. कोरलेलें नांव घांसून काढण्याचा सल्ला विक्रेते देतात, म्हणजे भाव वाढतो. तो मीं कधीं मानला नाहीं. बाजारांत खरेदी करणारांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ असें छापलें म्हणजे ती सोन्याची ठरत नाहीं. त्या अक्षरांना आतां कांहीं अर्थ उरलेला नाहीं. आणि नुसता सोनेरी रंग म्हणजे बहुधा पोलादावरचा मुलामा असतो.

आपल्या खणांत अशी झरणी असेल, तर आज रात्रीं ती बाहेर काढा. गरम पाणी, रॉकेल, स्पिरिट यांतलें कांहीं लावूं नका. स्पिरिटनें सेल्युलॉइड विरघळतें, गरम पाण्यानें एबोनाइट तपकिरी होतें. थंड पाणी वाटींत घेऊन निब तेवढीच बुडवून ठेवा व पाणी निळें होईल तसें बदला. टोपण किंवा कांडी फिरत नसेल तर जोर करूं नका, सांडशी तर मुळींच नको. दोन-तीन दिवस धीर धरला तर वाळलेली शाई आपोआप सैल होते. जुन्या झरणींत घट्ट काळी, रंगारंगाची वा चमकीची शाई भरूं नये. साधी निळी शाई सर्वांत निर्धास्त. पहिल्या भरणानंतर अक्षर उमटलें नाहीं, तर निब कागदावर दाबूं नका. टोंक ओलसर टीपकागदावर क्षणभर टेकवा, म्हणजे शाई वाट काढून खालीं येते.