जुवावरचं वजन



अमेरिकेतल्या मराठी मंडळात गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या पंगती बसल्या, की गेली तीन-चार वर्षं कुणी ना कुणी मला हमखास गाठतं. प्रश्न एकच असतो : "आम्हाला एखादा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय. आमची गाडी ओढेल का?" ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी. राष्ट्रीय उद्यानात जागा आरक्षित करायची, खोली तिथे नेऊन उभी करायची आणि पिठलंभात करून खायचा. मुलं लहान असताना आणि आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असताना यासारखा प्रवास नाही, असं माझं मत आहे.

पण "ओढेल का" हा प्रश्नच अर्धा आहे, आणि त्याचं कारण मला अमेरिकेत नाही, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात कळलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे. मोळ्या रचताना ते गाडीच्या पुढे जाऊन जू हातानं उचलून बघायचे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला रुततात. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि खांदे सुजतात. बैलांत ओढायची ताकद भरपूर असते, पण मानेवर किती ठेवायचं याला मर्यादा आहे. म्हणून एक-दोन मोळ्या पुढे, एक मागे, असं करत अण्णा जुवावर बेतानं भार ठेवायचे. चढ असला तर माल थोडा पुढे घ्यायचे.

एका आसाचा ट्रेलर म्हणजे हीच बैलगाडी. त्याची धुरी गाडीच्या मागच्या हिचवर, एका लोखंडी गोळ्यावर टेकते. तिथे खाली दाबणारं जे वजन असतं त्याला इथे टंग वेट म्हणतात. मी जुवावरचं वजन म्हणते. ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असा इथला दंडक आहे. हिशोबाला सोपं जावं म्हणून आपण आठवा हिस्सा धरू.

आता घरातल्या रोजच्या गाडीकडे येऊ. आपल्या लोकांकडे सिएना, ओडिसी, हायलँडर या गाड्या फार. प्रत्येकीचा ओढण्याचा आकडा कंपनी देते, पण नावावर जाऊ नका. जुनी पेट्रोलवरची सिएना ३,५०० पौंड ओढायची. २०२१ पासून ती फक्त हायब्रिड झाली आणि आकडा १,५०० वर आला. हायलँडरचंही तसंच आहे. पेट्रोलची ५,००० पौंड ओढते, तर त्याच नावाची हायब्रिड ३,५००. हजार पौंड म्हणजे साधारण साडेचारशे किलो, हे प्रमाण मनात ठेवा.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बऱ्याच कंपन्या आता जे२८०७ नावाच्या मानकानुसार चाचणी घेतात. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून सुरू होणारा एक लांबलचक घाट आहे. पारा १०० अंश फॅरनहाइटवर, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर. अशा स्थितीत गाडीनं सुमारे ३,००० फूट चढायचं आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. कष्टाची परीक्षा आहे, मला तिच्याविषयी आदर आहे. पण या परीक्षेत गाडीत माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या बाकावर मुलं नाहीत, आजी नाहीत, डिकीत तांदळाची पिशवी नाही, कुकर नाही.

आम्ही ट्रेलर बघायला गेलो ते डेन्व्हरजवळच्या एका विक्रेत्याकडे. आमची गाडी पेट्रोलवरची हायलँडर. विक्रेत्यानं तेवीस फुटी ट्रेलर दाखवला. आतून देखणा, न्हाणीघर मोठं, मुलांना दोन वेगळे बंक. रिकामं वजन ३,८०० पौंड. "तुमची गाडी ५,००० ओढते, १,२०० पौंड हाताशी राहतात," तो म्हणाला. माझा नवरा सही करायला निघालाच होता. मला अण्णांचं जू आठवलं आणि मी म्हटलं, आधी घरी जाऊन मांडणी करू.

ती मांडणी तुम्हीही करू शकता. चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा त्याच एका गाडीसाठी छापलेला असतो. शेजाऱ्याच्या तशाच गाडीचा वेगळा निघू शकतो, कारण त्याच्या गाडीला काचेचं छत असेल, तुमच्या नसेल. आमच्या दारावर लिहिलंय १,३२५ पौंड.

त्यातून वजा करत गेलो. सासूबाई धरून आम्ही पाच माणसं : ६८० पौंड. गाडीतलं सामान, कूलर, बॅगा : १५०. हिचचं लोखंड : ५०. राहिले ४४५. जुवावरचं वजन या ४४५ मध्ये बसायला हवं, कारण ते गाडीच्या मागच्या चाकांवर बसलेलंच असतं, जणू डिकीत आणखी दोन-तीन माणसं बसली आहेत.

आता तो देखणा ट्रेलर. ३,८०० हे कारखान्यातून निघतानाचं वजन, बहुतेक वेळा बॅटरीशिवाय आणि गॅसशिवाय. प्रोपेनची दोन भरलेली सिलिंडरं ७४ पौंड, बॅटरी ५०. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड. भांडी, अंथरुणं, डाळ-तांदूळ, खुर्च्या, होज पाइप, चाकांखाली लावायच्या उटी, असं सगळं मिळून ५०० तरी होतंच. बेरीज ४,६७४. म्हणजे ओढायच्या मर्यादेच्या आत. आणि आठवा हिस्सा? ५८४ पौंड. आमच्याकडे शिल्लक ४४५. अगदी दहावा हिस्सा धरला तरी ४६७. शिवाय हिचलाही स्वतःची मर्यादा असते, आमच्या हिचची ५०० आहे. गाडीनं तो ट्रेलर ओढला असता, पण मान मोडून.

उलट बाजूनं गेलं की निवड सोपी होते. ४४५ ला आठानं गुणा : ३,५६०. आमच्यासाठी भरलेला ट्रेलर साडेतीन हजारांच्या आत हवा. जाहिरातीतलं रिकामं वजन विसरून ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल भारित वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, तेच बघत जा. तो आकडा तुमच्या उत्तरात बसला तर घ्या.

साडेतीन हजारांच्या आत काय काय मिळतं? अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे टीअरड्रॉप, दोघांना झोपण्यापुरते. नव्या जोडप्याला उत्तम, आजींना नाही. घडी घालून बंद होणारे, कापडी बाजूंचे पॉप-अप : वजनाला हलके, वारा कापणारे, आणि सहा जण झोपतील एवढे ऐसपैस. पण यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज इथल्या आरव्ही पार्कमध्ये ते चालत नाहीत. ग्रिझली अस्वलांमुळे तिथे पक्क्या भिंतींचीच वाहनं लागतात. आणि पावसात ओली झालेली कापडं घरी आल्यावर उघडून वाळवावी लागतात, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि तिसरा प्रकार, ज्याच्यावर माझा जीव आहे : फायबरग्लासचं अंडं. याची गोष्ट कॅनडातल्या विनिपेगची. रे ओलेको नावाच्या माणसानं आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टँक तयार केली होती. कुटुंबाला घेऊन तंबूत राहण्याचा कंटाळा आल्यावर त्याला वाटलं, याच पद्धतीनं राहायची खोली का करू नये? १९६८ मध्ये त्यानं बोलर नावाचा तेरा फुटी ट्रेलर बाजारात आणला. बोलर हॅटसारखा गोल, म्हणून ते नाव. वजन हजार पौंडांच्या आत, त्या काळची छोटी मोटारही ओढेल असं. साच्यातून वरचा आणि खालचा असे दोन अर्धे काढायचे आणि मधोमध जोडायचे, बस. पुढे मिनेसोटातल्या बॅकस गावात स्कॅम्प आणि टेक्ससमध्ये कसिता या कंपन्या याच घाटाचे ट्रेलर करू लागल्या.

दोन अर्ध्यांची ही रीत मला फार मोलाची वाटते. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या ट्रेलरच्या छताला, कोपऱ्यांना सांधेच सांधे असतात; सांध्यातून पाणी शिरतं, आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सेकंडहँड बघायला गेलात तर कोपरे आणि खिडक्यांखालची भिंत अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागली तर तिथून निघा, किंमत कितीही कमी असो. अंड्यालाही खिडक्या आणि छताची झडप असते, तिथे गळतं. पण अंग कुजत नाही. पन्नास वर्षांचे बोलर आजही रस्त्यावर दिसतात ते यामुळेच.

आम्ही एका निवृत्त शिक्षिकेकडून असाच सोळा फुटी ट्रेलर घेतला. पुढच्या कोचाचे दोन बंक होतात : खाली सासूबाई, वर धाकटी. मागच्या जेवणाच्या टेबलाचा पलंग आमचा. थोरला बाहेर छोट्या तंबूत, आणि ती त्याला बढती वाटते. टायर मात्र लगेच बदलले. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांपुढच्या आकड्यांत शेवटचे चार बघायचे : २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नक्षी नवी दिसली तरी फसू नका.

भरलेला ट्रेलर आम्ही ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर नेला. २,७६० पौंड. जुवावरचं वजन घरीच मोजलं. तीन फुटांची भक्कम फळी घ्यायची, एका टोकाखाली वीट, दुसऱ्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा, दोन्हींची उंची सारखी. ट्रेलरची धुरी विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवायची. काट्यावर दिसेल त्याची तिप्पट करायची. आमचा काटा ११० दाखवत होता, म्हणजे ३३०. बरोबर बारा टक्के. फळीचं वजन आधी वजा करायला विसरू नका, आणि हे सगळं सपाट जागी, चाकांना उटी लावूनच करा.

हे जुवावरचं वजन फार कमी झालं तर काय होतं, ते मी वायोमिंगच्या उतारावर एकदा पाहिलंय. पुढे चाललेल्या ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली बांधल्या होत्या. उलाळ गाडी. बाजूनं ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला. प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. वजन आसाच्या मागे असलं की असंच होतं, डोलणं आपोआप थांबत नाही, वेगाबरोबर वाढत जातं. त्या चालकानं सुदैवानं ब्रेक दाबला नाही. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलर असेल तर त्याची कळ हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे खेचला जातो आणि रांगेत येतो. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच. कायदा काहीही म्हणो, हजार पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असावेत असं मी म्हणेन.

डोंगराबद्दलही एक गोष्ट. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० रस्ता आयझेनहॉवर बोगद्याशी ११,००० फुटांच्या वर जातो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. चढाला ट्रकच्या रांगेत सावकाश जायचं, त्यात काही कमीपणा नाही. उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. आधीच खालचा गिअर घ्यायचा आणि इंजिनला गाडी धरू द्यायची. हलका ट्रेलर घेतल्याचं समाधान मला चढापेक्षा उतारावर जास्त झालंय. सपाट रस्त्यावर मात्र वजनापेक्षा ट्रेलरचा कपाळपट्टा नडतो. उंच, चौकोनी तोंडाचा हलका ट्रेलरही वाऱ्याला भिंतीसारखा आडवा येतो. आमचं अंडं गोल असूनही गॅलनमागे २४ मैल देणारी गाडी १४ वर येते. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा.

यंदा जूनमध्ये आम्ही टीटनला चाललोय. गेल्या आठवड्यात दारावरच्या स्टिकरचा हिशोब पुन्हा केला. थोरला वर्षभरात २५ पौंडांनी वाढलाय, सासूबाई या खेपेला जातं आणणार नसल्या तरी लोणच्याच्या बरण्या आहेतच. म्हणून पाण्याची टाकी रिकामी नेणार आणि कॅम्पग्राउंडच्या नळावर भरणार. सायकली मागे नाहीत. गाडीच्या छतावर दोन, बाकीच्या घरी. काल रात्री फळी, वीट आणि काटा अंगणात मांडला, तेव्हा अण्णा व्हिडिओ कॉलवर होते. फोन जरा खाली धर, असं म्हणाले, आणि काट्याचा आकडा त्यांनी स्वतः वाचला.